शिक्का पाहून पाय घाला

१८ नोव्हेंबर, मंगळवार. आजची कामं दोन. क्लासमधल्या वीस कॉम्प्युटरचं सिक्युअर बूट चालू आहे का ते एकेक करून पाहायचं आणि नसेल तिथं चालू करायचं. शिवाय नानांनी बनवून आणलेली लोखंडी मांडणी वेल्डरकडे परत पाठवायची.

दुसऱ्या कामाचा खुलासा आधी करते, कारण पहिलं काम त्याच्यामुळंच रेंगाळलं.

नाना माझे चुलत सासरे. अहमदपूरला बसस्टँडच्या मागं ज्या इमारतीत माझा कॉम्प्युटर क्लास चालतो, ती त्यांची. शेती मुलांकडे सोपवून ते दिवसभर क्लासच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आलेलं प्रत्येक टपाल माझ्याआधी वाचतात. ऑनलाइन परीक्षांचं केंद्र मिळावं म्हणून मी अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं तेव्हा मी लातूरला गेले होते. पत्रात तपासणीची तारीख होती, खाली अटी होत्या. त्यातली एक अट अशी, "केंद्रावर सिक्युअर बूटची व्यवस्था असणे बंधनकारक आहे." नानांनी ती वाचली आणि मला न सांगता वेल्डरला माप दिलं. आज सकाळी टेम्पोतून चाळीस खणांची मांडणी उतरली. प्रत्येक खणाला जाळीचं दार, दाराला कडी, कडीला कुलूप.

"नाना, हे काय?"

"कागदात लिवलंय की. सिक्युअर बूट पायजे म्हणून. सिक्युअर म्हंजी काय, मला कळत न्हाई व्हय? परत्येकाला येगळं कुलूप लावलंय."

"अहो, ते पायातले बूट नाहीत."

"मंग कुणाचे हायत?"

नाना मनापासून विचारत होते. मी त्यांना समजावायला बसले, आणि समजावता समजावता लक्षात आलं की मला हे जसं समजावलं गेलं होतं तसंच मी सांगतेय. पायातल्या बुटापासूनच. नानांची ही चूक ऐकून सगळं गाव हसलं असतं. एकच माणूस हसला नसता. त्यांनी आधी कुलपं ओढून पाहिली असती.

त्यांना सगळे शिक्केवाले सर म्हणायचे. नांदेडच्या जुन्या भागात, मशिदीच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आजोबा पितळी मोहरा कोरायचे, वडील रबरी शिक्के करायचे, आणि सर शिक्केही करायचे आणि कॉम्प्युटरही दुरुस्त करायचे. दुकानाच्या डाव्या अंगाला रबर, अक्षरांचे खिळे, शाईचे डबे. उजव्या अंगाला उघडे पडलेले कॉम्प्युटर. मागच्या खोलीत चार मशीनचा क्लास. मी तेव्हा मुदखेडला राहायचे. नवऱ्याची नोकरी तिथं होती, पोरगी शाळेत जायला लागली होती, आणि घरात बसून मला वैताग आला होता. पस्तिशीची बाई कॉम्प्युटर उघडायला, जोडायला शिकायचं म्हणते, हे ऐकून दोन ठिकाणी मला टायपिंगच्या वर्गाचा रस्ता दाखवला गेला. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "नजर बारीक हाय का?"

मी म्हटलं, "तांदळातला खडा दिसतो."

"बस झालं," ते म्हणाले. "बूट तिथं काढा."

सर शिक्क्याची अक्षरं उलटी जुळवायचे. लहानपणापासून तेच काम, त्यामुळं त्यांना सरळ मजकुरापेक्षा उलटा मजकूर पटापट वाचता यायचा. वर्तमानपत्र ते खिडकीशी उजेडात धरायचे आणि मागच्या बाजूनं वाचायचे. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा पान सुलटं धरायला विसरला. एकानं तसं सांगितलंही. सर म्हणाले, "तुमच्याकडून सुलटं दिसून राह्यलं ना? मंग तुम्ही वाचा, मी ऐकतो."

शिक्का करून द्यायची त्यांची पद्धत साऱ्या नांदेडला ठाऊक होती आणि अर्ध्या नांदेडला तिचा त्रास होता. ऑफिसचं नाव छापलेल्या कागदावर अर्ज पाहिजे, त्यावर जबाबदार माणसाची सही पाहिजे. शिक्का तयार झाला की त्याचा पहिला ठसा गिऱ्हाइकाच्या कागदावर नाही, सरांच्या नमुना वहीत. त्याच्याशेजारी मालकाची सही. अशा वह्या त्यांच्याकडे कपाटभर होत्या, वडिलांच्या काळापासूनच्या. वहीच्या शेवटी एक वेगळं पान असायचं, लाल शाईतलं. त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द, "बाद". ज्याचा शिक्का हरवला, चोरीला गेला, ज्याचं ऑफिस बंद पडलं, त्याचा ठसा या पानावर यायचा. कुणी संशयाचा कागद घेऊन आलं की सर आधी हे शेवटचं पान उघडायचे आणि मग बाकीची वही.

"पैलं बाद पाहायचं," ते म्हणायचे. "खरा शिक्का बी बाद असू शकतो."

हे वाक्य त्यांनी शिक्क्याबद्दल म्हटलं होतं. कॉम्प्युटरला ते तंतोतंत लागू पडतं, हे मला पुढं कळलं.

आता बुटाचं. सर दर शुक्रवारी मशिदीत जायचे. एका शुक्रवारी बाहेर येऊन त्यांनी आपले काळे बूट घातले, तिथून बाजारात गेले, एका ऑफिसात प्रिंटर दुरुस्त केला, घरी येऊन बसले, आणि बूट काढताना पाहतात तर आतला सोल वेगळा. दिसायला तोच बूट, नंबर तोच, लेसही तशीच. पण तो त्यांचा नव्हता.

"अर्धं नांदेड फिरलो की बाई," ते सांगायचे. "दुसऱ्याच्या बुटात. अन् चाल माझीच. कुणाला कळालं न्हाई. मला बी न्हाई कळालं."

दुसरा कुणी असता तर चार दिवस चरफडून विसरला असता. सरांनी नवे बूट घेतले आणि त्यांच्यासाठी शिक्का केला. गोल, आत चंद्रकोर, खाली त्यांची सही. तो बुटाच्या आत टाचेच्या जागी पक्क्या शाईत मारला. तेव्हापासून बाहेर पडताना ते बूट उचलायचे, उजेडात धरायचे, शिक्का पाहायचे आणि मगच पाय घालायचे. घरातल्या घरातसुद्धा.

मग त्यांनी ते क्लासला लावलं. प्रत्येकाच्या पायताणाच्या आत नंबराचा शिक्का. माझा अकरा. घरी जाताना हातात घेऊन नंबर पाहायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. कॉलेजच्या पोरी लाजेनं लाल व्हायच्या. माझ्या सासूबाईंनी एकदा चप्पल धुताना तो पाहिला आणि विचारलं, "सुनबाई, चपलीला नंबर कसला गं? दवाखान्यात बिवाखान्यात गेल्तीस का?" मी सांगितलं, शाळेचा आहे. त्या म्हणाल्या, "या वयात पायाला नंबर देणारी शाळा कंची?"

ते सगळं चक्रमपणाचं आहे असं मीही समजत होते. मग एका दुपारी सरांनी नवा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बटण दाबल्यावर सगळ्यात आधी कोण उठतं?"

एक पोरगी म्हणाली, ॲन्टीव्हायरस.

"तो तर लई मागून उठतो. तो घरातला चौकीदार. पर चौकीदाराला उठवतंय कोण? जो त्याच्या आधी उठला तो. अन् आधी उठलेला चोरच असला, तर चौकीदाराला तो काय सांगंल?" सरांनी आवाज बारीक केला. "सब खैरियत हाय भाई, झोप."

मग त्यांनी सांगितलं. बटण दाबलं की पडद्यावर काही दिसायच्या आधी मशीनच्या आत, बोर्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरच्या दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो आणि मशीन त्याच्या हाती देतो. तो दुसरा मग बाकीची सगळी सिस्टीम उठवतो. प्रश्न एवढाच, की हाक मारल्यावर जो आला तो आपलाच आहे का, का तशाच बुटात दुसराच कुणी आलाय. सिक्युअर बूट बंद असलं तर मशीन विचारत नाही. चालू असलं तर हाती देण्याआधी त्याच्यावरची सही पाहतं. मशीनमध्ये एक नमुना वही असते, त्यात मान्य असलेल्या सह्या. शेवटी एक बादचं पान असतं. सही जुळली आणि बादमध्ये नसली तरच पुढं.

"म्हंजी काय?" सरांनी विचारलं आणि आपला बूट टेबलावर ठेवला. नव्या कॉम्प्युटरच्या शेजारी. "शिक्का पाहून पाय घाला."

मी बऱ्याच जणांकडून हे नंतर ऐकलं, पुस्तकांतून वाचलं. इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून चप्पल हातात घेऊन नंबर म्हणताना मला लाज वाटेनाशी झाली. चूक मात्र केलीच. एका गिऱ्हाइकाला जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. ते पेन ड्राइव्हवरून मशीन उठवून टाकायचं होतं आणि त्या पेन ड्राइव्हवर कसलीच सही नव्हती. मशीन नाही म्हणालं. सर जेवायला गेले होते. गल्लीतला प्रत्येक मेकॅनिक अशा वेळी करतो तेच मी केलं. चिपमधल्या सेटिंगच्या पानावर, म्हणजे सेटअपमध्ये गेले, सिक्युअर बूट बंद केलं, काम उरकलं आणि चालू करायला विसरले. गिऱ्हाईक खुश झालं, मशीन संध्याकाळी नेतो म्हणून गेलं. सर आले, त्यांनी मशीन सुरू केलं, पडद्यावर एक खिडकी उघडली आणि मला हाक मारली.

"बाई, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"चालू होत नव्हतं सर. आता चालतंय."

"हाव, चालतंय. मी बी चाललो होतो की अर्धं नांदेड."

ते ओरडले नाहीत. वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि लाल शाईत अकरा नंबर लिहिला. बाद. आठ दिवस मला एकाही मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. मुदखेडहून रोज यायचं, खुर्चीवर बसायचं, दुसऱ्यांनी शिकलेलं पाहायचं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी उद्यापासून येत नाही. सर म्हणाले, "या. न आलेल्या माणसाला बाद करता येत न्हाई." मी गेले. आठव्या दिवशी त्यांनी माझी चप्पल मागितली, अकरावर रेघ मारली आणि शेजारी नवा नंबर उठवला, सव्वीस. वर्गात तेव्हा पंधराच जण होतो. मी विचारलं, मधले नंबर कुठं गेले? ते म्हणाले, "तुमच्या आधी दहा जण बाद होऊन गेले या खोलीत. परत आले न्हाईत ते. त्यांचे नंबर कुणाला द्यायचे न्हाईत."

त्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हाच मी ती टाकली, त्याआधी नाही.

सर फार गोड माणूस होते असं नाही. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे. एकदा एका मुलीचं मशीन प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी अडलं. सरांनी तिच्याकडे मशीनच्या खरेदीचा कागद मागितला. तो गावी होता. ती रडत गेली, आणि मला सरांचा राग आला. दुसऱ्या सकाळी ते स्वतः तिच्या खोलीवर गेले, मशीन दुरुस्त करून दिलं आणि येऊन मला म्हणाले, "काल मी माणूस न्हाई पाह्यला, कागदच पाह्यला." पण कागद मागायचं त्यांनी सोडलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी त्यांचं नाव कुठंही अभिमानानं घेते.

गल्लीपलीकडच्या एका मोठ्या असामीकडून सरांना शिक्क्यांचं काम मिळायचं. तालुक्यातल्या बऱ्याच ऑफिसांचे शिक्के त्यांच्या शब्दावर सरांकडे यायचे. दुकान त्याच्यावर उभं होतं म्हटलं तरी चालेल. एक दिवस त्यांचा पुतण्या आला. काखेत नवाकोरा लॅपटॉप, खिशात पेन ड्राइव्ह. लॅपटॉप त्यांच्या शाळेच्या ऑफिसचा होता, मुलांचे दाखले, निकाल, सगळं त्याच्यावर. पेन ड्राइव्हवर कुठून तरी उतरवलेली सिस्टीम होती, तीच त्याला टाकून पाहिजे होती.

"चाचा, ते सिक्युअर बिक्युअर बंद करा अन् एवढं टाकून द्या. दहा मिनिटांचं काम हाय."

"टाकतो की," सर म्हणाले. "लिहून द्या. मी अमुक, माझ्या हुकमानं याची सही पाहणं बंद केलं. खाली सही, शाळेचा शिक्का."

"अन् लिहून कशाला?"

"शिक्का मी केलेला हाय तुमच्या शाळेचा. वहीत नमुना हाय. जुळवून पाहीन, मंग बंद करीन."

पुतण्या हसला. "चाचा, तुम्ही चपलीवर शिक्के मारता ते ऐकलं होतं. आता माणसावर बी मारणार का?"

"माणसानं मारून घेतला तर मारीन."

मागच्या खोलीत आम्ही सगळ्या कान देऊन होतो. पुतण्यानं खिशातून मोबाइल काढला, काकांना लावला, आणि सरांकडे दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. सरांचं ऐकू आलं. ते म्हणाले, "हाव साहेब. न्हाई साहेब. कामाचं तुमच्या मर्जीवर, साहेब. मशीनचं माझ्या." मोबाइल परत दिला. पुतण्या लॅपटॉप उचलून समोरच्या दुकानात गेला. दहा मिनिटांत काम करून आला आणि मुद्दाम सरांच्या दारावरून हसत गेला.

त्यानंतर ऑफिसांचे शिक्के येणं थांबलं. सरांनी रबराचं सामान अर्ध्यावर आणलं, आणि कॉम्प्युटरची बाजू तेवढी रुंद केली.

मी बरेच दिवस वाट पाहिली, की त्या शाळेचं काहीतरी बिघडेल. दाखले उडतील, निकाल बदलतील, कुणीतरी धावत येईल. काहीच झालं नाही, निदान आमच्या कानावर आलं नाही. एकदा न राहवून मी सरांना विचारलं, "मग तुम्ही बरोबर होतात हे कळायचं कसं?"

सर बादच्या पानावर फुंकर मारून शाई वाळवत होते.

"कळत न्हाई, बाई. या कामात बरोबर असलेल्या माणसाकडं दाखवायला काहीच नसतं. काही झालं न्हाई, हेच त्यानं केलेलं असतं."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता वीस मशीन सांभाळते, आणि वर्षाच्या शेवटी माझ्याकडेही दाखवायला काहीच नसतं. मला त्याचा अभिमान आहे.

नवऱ्यानं नोकरी सोडून अहमदपूरला यायचं ठरवलं तेव्हा मी सरांना म्हटलं, मी तिथं क्लास काढते, मला शिक्का करून द्या. वाटलं, आपल्या माणसाला तरी करून देतील. त्यांनी हात पुढं केला. "छापील कागदावर अर्ज." क्लासच नव्हता, छापील कागद कुठून येणार? मी गल्लीतल्याच छापखान्यात जाऊन शंभर कागद छापून आणले, त्यातल्या एकावर अर्ज लिहिला, सही केली. सरांनी ती माझ्या पहिल्या दिवशीच्या प्रवेश अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. "सही बदलली तुमची," ते म्हणाले. "पैले कापत होती." मग शिक्का केला, ठसा वहीत घेतला. अजून तोच शिक्का वापरते.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तर आजचं काम. वीसपैकी सोळा मशीन तयारच होत्या. माहितीची खिडकी उघडली, सिक्युअर बूट "चालू" दिसलं, वहीत टिक केली. तीन मशीनचं बंद होतं, सुटीत कुणीतरी खेळ टाकायला बंद केलं असणार. सेटअपमध्ये जाऊन चालू केलं आणि सेटअपला पासवर्ड घातला, जो आधीच घालायला पाहिजे होता. सातवी मशीन जुनी. तिथं नुसतं चालू करता येत नव्हतं. तिची डिस्क जुन्या पद्धतीनं आखलेली. तशीच ठेवून सिक्युअर बूट चालू केलं असतं तर मशीन उठलीच नसती, डिस्क सापडत नाही म्हणाली असती. म्हणून आधी सगळ्या कामाची नक्कल बाहेर काढली, मग डिस्कची आखणी बदलली, मग सेटअपमधली जुनी पद्धत बंद केली, आणि शेवटी सिक्युअर बूट चालू. हा क्रम चुकवून चालत नाही. संध्याकाळच्या चहापर्यंत वीसही झाल्या.

नाना सारखे डोकावत होते. "मंजूर हुईल ना गं?"

"बघू."

 केंद्र मिळालं नाही तर इथल्या पोरींना परीक्षेला लातूरला जावं लागतं. पहिली एसटी धरायची, अंधारात स्टँडवर यायचं, सोबत कुणी मोठं माणूस. ज्यांच्या घरी सोबत यायला माणूस मोकळा नसतो त्यांची परीक्षा राहते. माझ्या दोघींची गेल्या वर्षी राहिली. त्यातली एक माझ्यापेक्षा जलद टाइप करते.

मांडणी परत पाठवायचं राहूनच गेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी दहाला तपासणीस आले. तिशीतला, घाईतला माणूस, पायात तपकिरी बूट. नानांनी त्यांना दारातच थांबवलं.

"बूट काढा साहेब. तीन नंबरच्या खणात. ही घ्या किल्ली."

"एवढी कडक व्यवस्था?"

"तुमच्याच कागदात लिवलंय," नाना म्हणाले. मी तिकडे पाहिलंच नाही.

तपासणीसांनी खोली पाहिली, वायरिंग पाहिलं, खिडक्या पाहिल्या. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यावरून मशीन उठवायची आणि त्यांचा प्रोग्राम प्रत्येक मशीन तपासणार. पहिल्या मशीनला लावला. लाल चौकट आली, सही अमान्य. दुसरीला लावला. तेच. तिसरीला लावायच्या आधी ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, सेटअपचा पासवर्ड टाका आणि तेवढं सिक्युअर बूट बंद करा. तपासणी झाली की परत चालू करू. सगळ्या केंद्रांवर असंच करतोय."

"अट तुमचीच आहे ना, चालू पाहिजे म्हणून?"

"ती परीक्षेला हो. आता मी आहे ना इथं."

"मग लिहून द्या," मी म्हटलं. "तुमच्या सांगण्यावरून बंद केलं. खाली सही आणि ऑफिसचा शिक्का."

"शिक्का कुठून आणू?"

"मग बंद होणार नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, मला अजून दोन केंद्रं करायची आहेत. तपासणी अपूर्ण लिहिली तर तुमचं या वेळचं गेलं. समजतंय ना?"

समजत होतं. दारातून नाना मान हलवून मला खुणावत होते, करून टाक बाई. मी म्हटलं, "तुमचा पेन ड्राइव्ह माझं मशीन घेत नाही. का घेत नाही ते तुमच्या ऑफिसला एकदा विचारा. मग अपूर्ण लिहा."

ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. बराच वेळ बोलत होते. आत आले तेव्हा आवाज बदलला होता.

"हा प्रोग्राम जुना आहे म्हणतात. याची सही मागेच बाद केलीय. नवा पाठवला होता, मी उतरवून घेतला नाही."

बाद. अगदी तोच शब्द.

नवा प्रोग्राम त्यांनी माझ्याच इंटरनेटवरून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. तोवर नानांनी चहा आणवला. नवा पेन ड्राइव्ह पहिल्या मशीनला लावला, ती मुकाट्यानं उठली. वीसही उठल्या, सातवीसुद्धा. त्यांनी फॉर्म भरला, शेवटच्या रकान्यात "केंद्रास मान्यतेची शिफारस" असं लिहिलं आणि मला दाखवलं. मग म्हणाले, "मागच्या केंद्रांवर आता परत जावं लागणार. तुम्ही शिकलात कुठं हे?"

"नांदेडला. शिक्क्याच्या दुकानात."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

मी माझी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि लाल पेननं लिहिलं, तपासणीचा जुना पेन ड्राइव्ह, बाद. खाली त्यांची सही घेतली. मग त्यांना गळ्यातलं ओळखपत्र पुढं करायला सांगितलं आणि त्यावरच्या सहीशी ती ताडून पाहिली.

जुळली. मी नानांना तीन नंबरचं कुलूप उघडायला सांगितलं.